देवगिरीची पहाट टिपायची तर: कॅमेरा घेऊन पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

देवगिरीच्या, म्हणजे दौलताबाद किल्ल्याच्या, माथ्यावरून सूर्योदय टिपायचा म्हणून अंधारात घरून निघणारे बरेच जण दाराशीच अडकतात. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि रात्री बंद असतो. तिकीट काढून, महाकोट (बाहेरचा तटबंद भाग) ओलांडून, खंदक आणि अंधारी (खडकातला काळोखा जिना) पार करून माथ्याजवळच्या बारादरीपर्यंत पोचेस्तोवर दिवस चांगला कासराभर वर आलेला असतो. तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करा: पहाटेचा फोटो किल्ल्यावरून नाही, किल्ल्याचा काढायचा. उजाडताना बाहेर थांबायचं आणि दार उघडलं की कोवळ्या उन्हात आत शिरायचं. सकाळचे हे असे दोन भाग केले की बाकीचं सगळं सुरळीत बसतं.

दिवस कोणता निवडायचा

छत्रपती संभाजीनगर भागात जानेवारीच्या मध्यात सूर्य सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आसपास उगवतो, जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास, ऑक्टोबरच्या मध्यात ६ वाजून २० मिनिटांच्या आगेमागे. हिवाळ्यात झोप जास्त मिळते, शिवाय दार उघडण्याची वेळ आणि चांगला उजेड यांच्यातलं अंतर कमी राहतं. नवख्या माणसाने म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ धरावा. दार नक्की किती वाजता उघडतं, हे आदल्या दिवशी दारावरच विचारून ठेवा. इंटरनेटवर वेगवेगळ्या वेळा सापडतात आणि भल्या सकाळी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

महिन्यानुसार चित्रही बदलतं. जुलै ते सप्टेंबर डोंगर हिरवागार, माथ्यावर ढग उतरलेले. असा फोटो मिळाला तर दृष्ट लागावी असा, पण चार सकाळी गेलात तर तीन वेळा किल्लाच दिसणार नाही अशी तयारी हवी. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, ते वेगळंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आदल्या दिवशी पाऊस पडून रात्री आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला, तर सकाळी खालच्या सपाटीवर धुकं साचतं आणि शंकूसारखा डोंगर त्यातून वर निघालेला दिसतो. देवगिरीचा याहून चांगला फोटो नाही. मार्च ते मे गवत वाळलेलं, हवेत धूळ, रंग मातकट. तेव्हा काळा-पांढरा फोटो काढायचा असेल तरच या.

वार बघायला विसरू नका. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या कमी. शनिवार-रविवार टाळलेला बरा. श्रावणातल्या शनिवारी तर येऊच नका: खुलताबादच्या भद्रा मारुतीला जाणारे हजारो लोक शुक्रवारी रात्रीपासून याच रस्त्याने पायी चालत असतात. त्या गर्दीचेच फोटो काढायचे असतील तर गोष्ट निराळी.

आदल्या संध्याकाळची फेरी

ही फेरी टाळणारा माणूस सकाळी हमखास चुकतो. अंधारात विजेच्या तारा, होर्डिंग, मोबाइलचे टॉवर दिसत नाहीत. उजाडल्यावर दिसतात आणि तोवर जागा बदलायला वेळ नसतो. आदल्या दिवशी चारच्या सुमारास या, जागा ठरवा, तिथे फोनवर लोकेशन खूण करून ठेवा आणि गाडी कुठे लावायची ते बघा. शेतात उभं राहायचं असेल तर शेतकऱ्याला तेव्हाच विचारा. "दादा, सकाळी सहाला बांधावर उभा राहू का, फोटो काढायचाय" एवढं म्हटलं की सहसा नाही म्हणत नाहीत; पण न विचारता अंधारात टॉर्च घेऊन कुणाच्या वावरात शिरलात तर कुत्री अंगावर येतील, आणि त्यात कुत्र्यांची चूक नाही. पीक उभं असेल तर बांध सोडायचा नाही.

पूर्वेच्या बाजूला उभे असाल तर संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे मावळतो, म्हणजे फेरीची मजुरी म्हणून काळ्या आकृतीचा एक फोटो पदरात पडतो.

उभं कुठे राहायचं

नकाशा डोळ्यांपुढे आणा. मधोमध सुमारे २०० मीटर उंचीचा डोंगर, त्याचा खालचा भाग तासून सरळसोट भिंतीसारखा केलेला. पूर्वेला महाकोट, त्यात चाँद मिनार, आणि त्याच बाजूला आत जायचं दार. शहराकडून येणारा रस्ता कोटाच्या तटातून पुढे जातो, दिल्ली दरवाजातून बाहेर पडतो आणि घाट चढून कागजीपुऱ्यावरून खुलताबादकडे निघतो.

सूर्य वर्षभर एकाच जागी उगवत नाही. या अक्षांशावर डिसेंबरात तो ठीक पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. तुम्ही पूर्वेला उभे राहिलात आणि सूर्य नेमका पाठीमागे आला, तर उजेड सपाट पडतो: कडा, तट, बुरूज सगळं एका पातळीत चिकटवल्यासारखं दिसतं. तासलेला कडा उठून दिसायला उजेड बाजूने हवा. म्हणून हिवाळ्यात किल्ल्याच्या ईशान्येला उभं राहा, म्हणजे ऊन डावीकडून येईल. एप्रिल ते ऑगस्ट आग्नेयेला उभं राहा, म्हणजे ते उजवीकडून येईल. शहराकडून येताना अब्दीमंडी-माळीवाड्याच्या बाजूची शेतं या दुसऱ्या कामाला सोयीची. दिशा फोनच्या कंपासवर तपासा, अंदाजाने नको.

दुसरी जागा घाटाची. तिथून किल्ला खाली दक्षिणेकडे दिसतो आणि धुक्याचा फोटो इथूनच काढायचा, कारण तुम्ही धुक्याच्या वर असता. हिवाळ्यात सूर्य डावीकडून, जरासा समोरून येतो. धुक्याला सोनेरी कड लागते आणि डोंगर निळसर काळा राहतो. पण घाटाच्या वळणावर गाडी लावू नका. पहाटे उतरणाऱ्या गाड्या वेगात असतात आणि ट्रायपॉडचे पाय डांबरावर ठेवलेले चालकाला दिसत नाहीत. गाडी सपाट जागी लावून चालत या.

चंद्राचा हिशेब ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी: पौर्णिमेच्या किंवा वद्य प्रतिपदेच्या पहाटे चंद्र पश्चिमेला कललेला असतो, म्हणजे पूर्वेकडून पाहिलं तर किल्ल्याच्या माथ्याजवळ. २ किलोमीटरवरून डोंगर साधारण पावणेसहा अंश उंच दिसतो आणि चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे डोंगराच्या उंचीच्या अकराव्या भागाएवढा. एवढ्या अंतरावरून २०० मिमीच्या लेन्समध्ये दोन्ही नीट बसतात. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलात तर चंद्राचा नुसता ठिपका होतो. हिवाळ्यातली पौर्णिमा वायव्येकडे झुकून मावळते, उन्हाळ्यातली नैर्ऋत्येकडे. त्यानुसार आपली जागा उलट दिशेला सरकवायची.

पोचायचं कसं

संभाजीनगरहून किल्ला सुमारे १५ किलोमीटर. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा आणि पुढे दौलताबादचा टी पॉइंट. पहाटे अर्धा तास पुरतो. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी माळीवाड्याला खाली उतरावं. मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद-वेरूळ-कन्नडकडे जाणाऱ्या एसटी किल्ल्यावरून जातात, पण उजाडायच्या आधी जागेवर असायचं तर एसटीच्या भरवशावर राहू नका. दुचाकीने येणार असाल तर उसाच्या हंगामात जपून: ट्रॉल्यांना मागचा दिवा असेलच असं नाही.

सूर्योदयाआधी ४५ मिनिटं जागेवर हजर असायचं. त्यापेक्षा उशीर म्हणजे खेळ अर्धा संपला. आपल्याकडे उजाडतं ते झपाट्याने. आकाश गडद निळं असतं आणि तटही जेमतेम दिसतो, तो काळ सूर्योदयाआधी सुमारे २५ मिनिटांचा, आणि त्यातली खरी उपयोगाची मिनिटं दहा-बाराच.

बाहेरच्या फोटोंचा क्रम

ट्रायपॉड लावा, त्याचे खालचे बारीक पाय शक्यतो आत ठेवा, मधला दांडा वर ओढू नका. वारा असेल तर पिशवी मधल्या हुकाला अडकवा, पण जमिनीला टेकेल एवढी खाली. हवेत लोंबकळणारी पिशवी उलट हलवते. लेन्सचं किंवा कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बंद. दोन सेकंदांचा टायमर. फोटो रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ फाइल). आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर पहाटेचा निळा रंग कॅमेरा स्वतःहून पुसून टाकतो. तो डेलाइटवर किंवा ५२०० केल्विनवर बांधून ठेवा.

अंधारात ऑटोफोकस पुढे-मागे फिरत राहतो. पायथ्याशी दिसणारा एखादा लांबचा दिवा धरा, स्क्रीनवर तो दहा पट मोठा करा, हाताने फोकस जुळवा आणि मग लेन्स मॅन्युअलवर टाकून रिंगला हात लावू नका. पुढे बाभळीचं झाड, पडका तट असं काही घ्यायचं असेल तर फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमी आणि एफ/८ ला अडीच मीटरवर फोकस केला की सव्वा मीटरपासून डोंगरापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं.

सूर्योदयाआधी दहा-पंधरा मिनिटं पश्चिमेच्या आकाशात, म्हणजे किल्ल्याच्या मागे, खाली राखाडी-निळा आणि त्याच्यावर गुलाबी असा पट्टा दिसतो आणि हळूहळू खाली उतरत येतो. हा बहुतेकांच्या हातून निसटतो, कारण सगळे उगवतीकडे तोंड करून बसलेले असतात. पट्टा माथ्याच्या मागे आला की काढायला लागा, थांबू नका.

मग पहिलं ऊन. ते आधी माथ्यावर आणि बारादरीवर पडतं आणि मग कड्यावरून खाली सरकतं. इथे काळ्या पाषाणाची अडचण येते. देवगिरीचा दगड दख्खनचा बेसाल्ट, उजेड पिऊन टाकणारा. फ्रेममध्ये डोंगर जास्त असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, डोंगर राखाडी होतो आणि आकाश पांढरं पडतं. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). शंका असेल तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घ्या, नंतर जोडता येतात. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, बघायची सवय लावा. पहाटेच्या अंधारात स्क्रीन फसवते, सगळंच उजळ वाटतं.

फोनवाल्यांनीही हेच करायचं, फक्त बटणं वेगळी. माथ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. डिजिटल झूम नको, नंतर कापलेलं बरं. आणि काच पुसा! खिशातल्या फोनच्या काचेवर बोटाचं तेल असतं आणि पायथ्याच्या दिव्यांना त्याने लांबलचक शेपट्या फुटतात.

एसी लावलेल्या गाडीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढलात तर काचेवर बाष्प धरतं, विशेषतः पावसाळ्यात. पुसलं तरी ते परत येतं. पोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडा, एवढाच उपाय.

दार उघडल्यावर

आत ट्रायपॉड नेऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात त्याला वेगळी परवानगी लागते, व्हिडिओ कॅमेऱ्याला वेगळं शुल्क असतं आणि ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. ट्रायपॉड गाडीत ठेवा. आत एक वाइड लेन्स, जमलं तर एक ७०-२०० मिमी, माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि पकड असलेले बूट. खाण्याचे पुडे पिशवीत आत. माकडं प्लॅस्टिकच्या आवाजावर येतात आणि हातातली कॅरीबॅग कॅमेऱ्याची आहे की चिवड्याची हे विचारत नाहीत.

बहुतेक जण सरळ वर धावतात. तसं करू नका. पहिला अर्धा तास खालीच घालवा. डाव्या हाताला हत्ती हौद आणि त्यापुढे भारतमाता मंदिर. १३१८ साली कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात जुन्या मंदिरांचे खांब वापरून बांधलेली ही मूळची मशीद. सभामंडप पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला. त्यामुळे कोवळं ऊन अंगण ओलांडून थेट खांबांच्या रांगांत शिरतं आणि फरशीवर लांब सावल्या आडव्या पडतात. तासाभरात हे संपतं. मंडपाच्या एका टोकाला, खांबांच्या रांगेच्या बरोबर मध्ये, कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून उभे राहा. अर्धं पाऊल इकडेतिकडे झालं तरी मागचे खांब पुढच्यांमागे दडतात, म्हणून आधी डोळ्याने जुळवा आणि मग कॅमेरा लावा. बूट बाहेर काढायचे. कुणी पूजा करत असेल तर थांबायचं.

चाँद मिनार पंधराव्या शतकातला, बहमनी सुलतान अलाउद्दीनच्या काळातला, ६३ मीटर उंच. आत चढायला परवानगी नाही. मिनाराच्या फोटोत सगळ्यांची एकच चूक: जवळ जायचं आणि कॅमेरा वर करायचा. मिनार मागे पडल्यासारखा दिसतो. तो ताठ उभा हवा असेल तर कॅमेरा क्षितिजाला समांतर ठेवावा लागतो, आणि तसं ठेवून २४ मिमीच्या लेन्समध्ये, उभ्या फ्रेममध्ये, पूर्ण मिनार बसवायला सुमारे ८२ मीटर मागे जावं लागतं; साध्या फोनच्या मुख्य लेन्सला साधारण ९० मीटर. खालची अर्धी फ्रेम मग जमिनीने भरते. ती नंतर कापा, किंवा पडक्या भिंतींची एखादी ओळ पुढे घेऊन कामाला लावा. एवढी जागा नसेल तर उलट करा: अगदी पायाशी जाऊन सरळ वर बघा आणि सज्जांच्या वर्तुळांचाच फोटो काढा. मधलं अर्धवट काही नको.

चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला इथेच कैदेत ठेवलं होतं. फरशा चकाकतात, समोरून काढल्या तर उजेडाचा डाग येतो. जरा तिरपे उभे राहा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर तो इथे वापरा, आकाशासाठी नको: वाइड लेन्सवर पोलरायझर लावला की निळ्या आभाळात एक काळपट पट्टा उमटतो.

जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ. बहुतेक फोटो तिच्या तोंडाकडून काढलेले असतात आणि नाव देणारं मेंढ्याचं मुंडकं मागच्या टोकाला आहे. तोफेच्या अंगावरची अक्षरं तिरप्या उन्हातच उठतात, म्हणून हा फोटो सकाळीच घ्यायचा. तोफेवर चढून नाही.

खंदक, अंधारी आणि वर

खंदकात ऊन उशिरा पोचतं. पुलावरून बघाल तर वर आभाळ लख्ख आणि खाली काळोख, दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. आभाळ सोडून द्या, तासलेल्या कड्यावरच्या छिन्नीच्या खुणा आणि खालचं पाणी एवढंच घ्या.

अंधारी म्हणजे खडकात खोदलेला वळणावळणाचा जिना, शत्रूला अंधारात गाठून मारण्यासाठी केलेला. टॉर्च लागतोच. वटवाघळं आहेत, वासही आहे. फ्लॅश मारू नका: वटवाघळं उठतात आणि मागून येणाऱ्याला काही सेकंद पायरीच दिसत नाही. इथे एकच फोटो चांगला येतो, आतून बाहेरच्या उजेडाकडे पाहणारा. आयएसओ ३२०० पर्यंत न्या, शटर १/१५, खांदा भिंतीला टेकवा, श्वास सोडताना बटण दाबा, तीन-चार फोटो सलग. एखादा थरथरीशिवाय निघतो.

पुढच्या पायऱ्या उंच-सखल आहेत. रमतगमत गेलात तर खंदकापासून बारादरीपर्यंत पाऊण तास धरा. कुठे कड्याला किंवा कमानीला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर आवाज, धूर, अत्तर काहीही नको. खाली मान घालून पुढे निघायचं. मोहोळाचा जवळून फोटो घ्यायचा मोह आवरा.

बारादरीला पोचाल तेव्हा सूर्य वर आलेला असेल आणि दूरचं सगळं धुरकट दिसेल. क्षितिजाचे फोटो काढून निराश होऊ नका, खाली बघा. सूर्य २० अंश वर असताना, म्हणजे उगवल्यानंतर साधारण दीड तासाने, चाँद मिनाराची सावली १७० मीटरच्या वर लांब पडते. ३० अंशांवर ती ११० च्या आत येते. ७०-२०० लेन्सने मिनार आणि त्याची सावली एकत्र घ्या. कमानीच्या आत उभं राहून कमानीची चौकट ठेवून काढायचा असेल तर उजेड बाहेरचा मोजा, कमान काळी पडू द्या.

माथ्यावर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. संत एकनाथांचे हे गुरू इथलेच किल्लेदार होते. लोक दर्शनाला येतात, म्हणून आतल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. माथ्यावरच्या तोफेपाशी सेल्फीसाठी कठड्यावर चढणारे नेहमी असतात. त्यांच्या मागे उभे राहू नका आणि त्यांच्यासारखं करू नका.

उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवू नका, पिशवीत घाला. गाडीशी पोचल्यावर खाण्याआधी कार्ड दुसऱ्या कुठेतरी उतरवून घ्या. पुढे वेरूळला जायचं असेल तर दहाच्या आत निघा: दिल्ली दरवाजातून एका वेळी जेमतेम एक मोठी गाडी जाते आणि सुट्टीच्या दिवशी तिथे अडकलात की तासभर हॉर्न ऐकत बसावं लागतं.